एका ताईंचा अनुभव

"चारुताई, माझी गोष्ट तुम्ही कुणाला विकली का?"

फोनवर हेमाताईंचा आवाज इतका सपाट होता, की क्षणभर मला वाटलं नंबर त्यांचा आहे पण बोलतंय दुसरंच कुणीतरी. दुकानात पडद्यामागे एक बाई ब्लाउजची बटणं लावत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी बाहेर पायरीवर आले.

"विकली? म्हणजे काय?"

"व्हॉट्सअ‍ॅप बघा. मी फोन धरून आहे."

बघितलं. फेसबुकवरची एक जाहिरात होती. गुलाबी पार्श्वभूमी, कोपऱ्यात कमळ, वर मोठ्या अक्षरात 'सखीसाज, नलवडे सर्जिकल, कोल्हापूर', आणि त्याखाली 'एका ताईंचा अनुभव'. पहिलं वाक्य वाचलं आणि मी पायरीवर बसलेच.

'मी मुलींना पोहायला शिकवते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा टाकीत उतरले, तेव्हा आत घातलेली कापसाची गादी पाण्यानं जड झाली आणि घसरून पोटापर्यंत आली. मी मुलींना म्हटलं, पायात गोळा आलाय. भिंतीला पाठ लावून तास संपेपर्यंत तशीच उभी राहिले. पाणी म्हणजे माझं घर. त्या दिवशी कुणीतरी मला घरातून बाहेर काढल्यासारखं वाटलं.'

हे शब्द हेमाताईंचे होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला सांगितले होते, मी उतरवून घेतले होते आणि माझ्या वेबसाइटच्या एका पानावर, नाव न देता, याच मथळ्याखाली घातले होते. शेवटी फक्त माझ्या 'ओंजळ'च्या जागी 'सखीसाज' झालं होतं.

"हे मी नाही केलं, हेमाताई. कसं गेलं मला माहीत नाही."

"माझ्या बॅचमधल्या एका मुलीच्या आईनं पाठवलंय. विचारतीय, मॅडम, या तुम्हीच का? सांगलीत मुलींना पोहायला शिकवणाऱ्या बायका किती आहेत, सांगा बरं?"

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला.

ओंजळ म्हणजे विश्रामबागेतलं माझं छोटंसं दुकान. छातीचा कॅन्सर होऊन ऑपरेशन झालेल्या बायकांसाठी आम्ही खास अंतर्वस्त्रं शिवतो आणि आत घालायचे सिलिकॉनचे आकार बसवून देतो. माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती रुमालात नाचणी बांधून ब्लाउजमध्ये घालायची आणि चारचौघांत उठताना हात छातीशी धरायची. ते बघून मी या कामात पडले. दुकानात येऊन बोलायला बायका लाजतात, वेबसाइट मात्र घरी एकट्यानं वाचता येते. म्हणून तिथला शब्द न् शब्द मी स्वतः लिहिला होता. पाण्यात भिजून जड न होणारा आकार तर हेमाताईंनीच वापरून वापरून माझ्याकडून नीट करून घेतला होता. ऑपरेशनचं त्यांच्या नवऱ्याखेरीज आणि माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना त्यांनी गर्भाशयाचं ऑपरेशन झालं म्हणून सांगितलं होतं.

मी नलवडेंची वेबसाइट उघडली. तिथं माझंच दुकान मांडलेलं होतं. माप कसं घ्यायचं, कसं धुवायचं, प्रवासात काय काळजी घ्यायची, सगळं जसंच्या तसं. 'संकोच करू नका, माप घेणारी मीही बाईच आहे' हे माझं वाक्यसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. खाली फोटो होता मालक सुशांत नलवडे यांचा, भरघोस मिशीसकट. एरवी मला हसू आलं असतं.

त्याच दुपारी मी अ‍ॅडव्होकेट शमीम मुजावर यांच्याकडे गेले. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. माझ्या दुकानाचा भाडेकरार त्यांनीच केला होता.

"त्याला फोन केलास?"

"नाही अजून. करणार होते."

"करू नकोस. तू बोललीस की तो पान काढणार आणि म्हणणार, कुठलं पान? आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घे, तारीख आणि वेबसाइटचा पत्ता दिसेल असे. फेसबुकची जाहिरातही. कोर्टात असल्या पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते मी करते."

"मी काही कॉपीराइटची नोंदणी वगैरे केलेली नाही, मॅडम."

"लागत नाही. लिहिलंस त्या क्षणी हक्क तयार झाला." त्यांनी कागद पुढे ओढला, पण लिहिलं काहीच नाही. "रस्ते आहेत आपल्याकडे. पहिला, नोटीस. बरेचजण तेवढ्यावरच गप होतात. दुसरा, फेसबुकला आणि ज्या कंपनीच्या सर्व्हरवर त्याची साइट आहे तिला तक्रार. ते पान काढू शकतात, पण पुढं कोर्टाचा आदेश नाही आणला तर परत लावूही शकतात. तिसरा, दावा. त्यासाठी कोल्हापूरला खेटे घालायला नकोत, तुझा धंदा इथं आहे, म्हणून सांगलीच्या जिल्हा न्यायालयात टाकता येतो. मनाई हुकूम मागायचा, भरपाई मागायची. पोलिसात जायचाही रस्ता आहे, पण तो मी सगळ्यात शेवटी घेते."

"नोटीस पाठवा. आणि फेसबुकला तक्रार आजच."

फेसबुकनं ती जाहिरात काढली. पण आठवडाभरात तीच जाहिरात निळ्या रंगात, कमळाच्या जागी लाट टाकून परत आली. हेमाताईंना फोन लावला की वाजून वाजून बंद व्हायचा. एकदा 'कळवा' एवढाच मेसेज आला. काय कळवणार होते मी?

मग नोटिशीचं उत्तर आलं. शमीम मॅडमनी ते मला वाचायला दिलं आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. नलवडेंच्या वकिलानं लिहिलं होतं, की सदर मजकूर मूळचा त्यांचाच असून ओंजळनंच तो उचलला आहे. त्यांच्या पानावर माझ्या पानाच्या आधीची तारीख आहे. अनुभव सांगणाऱ्या ताई त्यांच्या जुन्या ग्राहक असून खुद्द मालकांनी त्यांची मुलाखत घेतली आहे. आठ दिवसांत मी माझी साइट बंद केली नाही, तर तेच माझ्यावर दावा लावतील.

मी तो कागद टेबलावर आपटला.

"तारीख खोटी आहे! पानावर कुणीही कुठलीही तारीख टाकतं."

"मला कळतं ग. पण तुझ्या पानावर काय तारीख आहे?"

तिथंच घोडं अडलं होतं. आदल्या वर्षी मी साइट नव्या सर्व्हरवर नेली, तेव्हा सगळ्या पानांवर एकच नवी तारीख पडली होती. ज्या मुलानं साइट बनवली तो दुबईला गेला होता आणि जुन्या सर्व्हरवरचं काहीच शिल्लक नव्हतं.

"त्या अनुभवाचं बोल," मॅडम म्हणाल्या. "बाकी माहिती कुणीही लिहिली असती असं तो म्हणू शकतो. पण ती गोष्ट एकाच बाईची आहे. ती तुला कशी दिली त्यांनी?"

"व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवली. आवाजात. रेकॉर्डिंग्ज आहेत माझ्याकडे अजून, तारखेसकट."

त्या झटकन वळल्या. "मग अडलंय कुठं? तारीख आहे, आवाज आहे. संपला की नलवडे!"

मी फोन पर्समधून काढलाच नाही.

"बरं, लेखी काही आहे? हा मजकूर मी ओंजळला दिला, असं?"

"नाही. तोंडी हो म्हणाल्या होत्या. एका पानापुरतं."

"मग नीट ऐक. टाइप तू केलंस, पण शब्द त्यांचे. कायद्यानं लेखिका त्या, तू नव्हेस. त्यांचं प्रतिज्ञापत्र लागेल. नावासकट."

"त्या कोर्टात येणार नाहीत, मॅडम. नावासकट तर नाहीच."

"रेकॉर्डिंग तुझ्या फोनमध्ये आहे. ते दाखल तू करू शकतीस." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "करावंस की नाही, ते मला विचारू नकोस."

घरी येऊन मी ती रेकॉर्डिंग्ज ऐकली. पाच तुकडे होते. त्यातले चारच मी वेबसाइटवर उतरवले होते. पाचवा संपता संपता हेमाताई म्हणाल्या होत्या, "हे नका लिहू." न्यायाधीशांच्या समोर, नलवडेंच्या वकिलासमोर, कारकुनासमोर तो आवाज लागला असता. सांगलीत अर्ध्या घरांतल्या मुली त्या आवाजाच्या हाकेवर पाण्यात उडी मारतात. न लावावा, तर दुकान हातचं जाणार होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे नव्या बायकांचे फोन जवळजवळ थांबलेच होते. एका बाईंनी तर मलाच विचारलं, "तुम्ही त्या कोल्हापूरवाल्यांची शाखा का हो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहण्याच्या टाकीवर गेले.

हेमाताई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. पूर्ण बाह्यांचा काळा पोशाख, डोक्याला टोपी. तळहातावर एका मुलीची पाठ तोलून धरली होती. "मान सोड. मान सोड म्हणते ना! मी आहे." मुलीनं मान सोडली आणि ती तरंगली. हेमाताईंनी हळूच हात काढून घेतला, तिला कळलंही नाही.

मग मी त्यांना दिसले. मुलींना काठाला धरून पाय मारायला लावून त्या माझ्याजवळ आल्या. पाण्यातून वर आल्या नाहीत.

"तीन मुली कमी झाल्या बॅचमधून," त्या म्हणाल्या. "कुणी काही बोलत नाही. परीक्षा आहे म्हणतात. परीक्षा कसली, शाळेला सुट्टी लागलीय."

"हेमाताई, मला तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

मी सगळं सांगितलं. नोटीस, उलट नोटीस, तारीख, प्रतिज्ञापत्र. त्या पाण्यावर बोट फिरवत ऐकत होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाव गुप्त ठेवायची विनंती करता येईल कोर्टाला..."

"चारुताई, या मुली माझ्या हातावर आडव्या पडतात. त्यांच्या आयांना खात्री असते, की हा हात सुटणार नाही. एकदा त्यांनी मला बिचारी म्हटलं की संपलं. मी कोर्टात येणार नाही. आणि माझा आवाज तुम्ही कोर्टात देणार असलात तर..." त्या थांबल्या. "देणार आहात का?"

आदल्या दिवसापासून मी याच प्रश्नाला घाबरत होते.

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही नको म्हणालात, तर नाही. माझा दावा पडला तरी चालेल."

त्यांनी मान हलवली. मी चप्पल घालायला वळले, तर मागून हाक आली.

"तो माणूस म्हणतो काय नेमकं? गोष्ट त्याला मिळाली कुठून?"

"म्हणतो, त्याच्या ग्राहकाची आहे. त्यानं स्वतः मुलाखत घेतली म्हणे तिची."

"माझी?"

त्या एकदम पाण्याखाली गेल्या. मला वाटलं रडू लपवायला गेल्या. पण वर आल्या तेव्हा चेहरा वेगळाच होता, शर्यतीच्या आधी खेळाडूंचा असतो तसा.

"बोलवा त्याला तुमच्या वकीलबाईंकडे. कोर्ट नाही, कागद नाही, माझं नाव नाही. फक्त मला त्या खोलीत बसू द्या."

शमीम मॅडमनी तडजोडीची बोलणी म्हणून नलवडेंना बोलावलं. ते वकिलाला घेऊनच आले. अत्तराचा वास, बोटात पुष्कराज, बोलणं मात्र गोड. हेमाताई साधी सुती साडी नेसून खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. "या माझ्याबरोबर आल्यात," एवढंच मी सांगितलं. नलवडेंनी त्यांना नमस्कार केला आणि विसरून गेले.

"मॅडम, भांडण कशाला?" ते मला म्हणाले. "तुम्ही सांगलीत विका, मी कोल्हापुरात विकतो. पाहिजे तर माझी एजन्सी घ्या. तुम्ही तुमचं पान काढा, विषय मिटला."

"त्या अनुभवाचं बोलू," शमीम मॅडम म्हणाल्या. "त्या ताईंना आपण स्वतः भेटलात?"

नलवडेंच्या वकिलानं घसा खाकरला, पण नलवडे बोलत सुटले होते. "भेटलो म्हणजे? दुकानात आल्या होत्या. वयस्कर बाई. काय रडत होत्या हो! माझ्या मिसेसनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, आई, तुमचं दुःख जगाला सांगू, दुसऱ्यांना धीर येईल. तिथल्या तिथं लिहून घेतलं."

"खूप रडत होत्या?" खिडकीजवळून प्रश्न आला.

"खूप. बघवत नव्हतं."

"त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या असं लिहिलंय. तास संपल्यावर काय केलं त्यांनी?"

नलवडे किंचित हसले. "काय करणार? बाहेर आल्या असतील. घरी गेल्या. मग आमच्याकडे आल्या."

"नाही."

हेमाताई उठून टेबलाजवळ आल्या. आवाज चढवला नाही. टाकीच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा त्यांचा आवाज, पण तेव्हा त्या अगदी हळू बोलल्या.

"मुली गेल्यावर त्यांनी ती गादी आत हात घालून काढली आणि काठावर फेकली. आणि तशाच पोहल्या. एका बाजूला काही नाही, तशा. वॉचमन बघत होता, त्याला बघू दिलं. दमेपर्यंत पोहल्या त्या. रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही आणि तुमच्या दुकानात तर नाहीच, कारण तुमच्या दुकानाचं तोंड मी आजवर बघितलेलं नाही."

नलवडेंच्या वकिलानं त्यांच्या बाहीवर हात ठेवला. नलवडे हेमाताईंकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग टेबलाकडे.

"हे चारुताईंना मी सांगितलं होतं," हेमाताई म्हणाल्या, "आणि लिहू नका म्हटलं होतं. त्यांनी नाही लिहिलं. त्यामुळे तुम्हाला चोरता आलं नाही."

"वेबसाइट एजन्सीनं केली, मॅडम," नलवडे म्हणाले. गोडवा गेला होता, बाकी नुसता माणूस उरला होता. "मी काही सगळं वाचलेलंसुद्धा नाही..."

"मग आता वाचा. त्यात म्हटलंय, ही वस्तू पाण्यात चालते. मी तुमची मागवली. बादलीत टाकली. कापूसच आहे तो, वरून नुसतं चकचकीत कापड. कुणीतरी बाई माझ्या शब्दावर भरवसा ठेवून ती घालेल आणि पाण्यात उतरेल. तिचं काय होईल ते मला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगायला आले."

शेवटी नलवडेंचे वकीलच म्हणाले, "मॅडम, मसुदा करा. आम्ही सही करतो."

मसुदा तिथंच झाला. सगळा मजकूर आणि सगळ्या जाहिराती काढायच्या, परत कुठल्याही रूपात वापरायच्या नाहीत. ज्यांनी ती वस्तू घेतली त्या प्रत्येकीला, ती पाण्यात घालू नये म्हणून कळवायचं आणि परत घ्यायची. 'मूळ लेखिका' असा शब्द शमीम मॅडमनी घातला आणि पुढं नाव घातलं नाही. सही करताना नलवडेंनी हेमाताईंकडे बघितलं नाही. पण जाताना दारात थांबले, हात जोडले आणि गेले. त्यांच्याकडून कधी कुठं नाव फुटलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

जिना उतरताना मला हलकं हलकं वाटत होतं. "जिंकलो आपण," मी म्हटलं. "चला, चहा घेऊ."

हेमाताई मधल्या पायरीवर थांबल्या.

"चारुताई, आता तुमच्याकडचंही काढा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "माझ्याकडचं? का? आता तर ते कायद्यानंसुद्धा..."

"कायद्यानं कुणाचं ठरलं ते?"

त्या पानामुळं माझ्याकडे निम्म्याहून जास्त बायका यायच्या. ते पान वाचवायलाच मी इतके दिवस जिवाचं रान केलं होतं. माझा मजकूर, माझा मजकूर, असं शमीम मॅडमकडे कितीदा म्हटलं असेन.

"तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी मनापासून दिलं होतं. वाटलं होतं, एखादी बाई वाचेल, तिला बरं वाटेल. पण तिथं ठेवलं की ते कुणाच्याही हातात जातं. आज हा होता, उद्या दुसरा कुणी. परत मला कुणाच्या तोंडून माझीच गोष्ट ऐकायची नाही."

मी जिन्यातच फोन काढला, साइट उघडली आणि त्यांच्यासमोर ते पान पुसलं. रेकॉर्डिंग्जही पुसली, पाचच्या पाच. मग आम्ही चहा घेतला. त्यांनी स्वतःचे पैसे स्वतः दिले.

त्या वर्षी धंदा बसलाच. नंतर हळूहळू सावरला. बॅच सोडून गेलेल्या तीन मुलींपैकी दोघी परत आल्या. तिसरीला तिच्या आईनं परत कधीच आणून सोडलं नाही, आणि हेमाताईंनी कधी विचारलंही नाही.

आजही कुणी बाई दुकानात बसून बाकी सगळं विचारून झाल्यावर, पडद्याकडे बघत हळूच विचारते, "पाण्यात चालेल का हो हे?" मी तिला वस्तू दाखवते. तेवढ्यानं तिची खात्री पटली नाही असं दिसलं, की विचारते, एका ताईंशी बोलाल का? ती हो म्हणाली तर हेमाताईंना फोन लावते, आणि त्या हो म्हणाल्या तरच फोन त्या बाईच्या हातात देते. हेमाताई तिला काय सांगतात, किती सांगतात, मला माहीत नाही. कधी आतून हसण्याचा आवाज येतो, कधी बराच वेळ काहीच येत नाही. मी तेवढा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बसते.